भट्टीतलं भरीत

आमच्या घरी थंडी कॅलेंडर बघून येत नाही, ट्रॅव्हल्सच्या बसने येते. डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी यावलहून माझ्या भावाचा फोन येतो, "ताई, गोणी गाडीत टाकलीय, सकाळी उतरवून घ्या," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझा नवरा कानटोपी, त्यावर मफलर आणि त्यावर हेल्मेट अशा तीन मजली थाटात नाशिक फाट्यावर जाऊन उभा राहतो. बसच्या पोटातून बॅगा, खोकी, कुणाचं तरी शिलाई मशीन असं सगळं निघाल्यावर सगळ्यात शेवटी आमची गोणी निघते. तोवर नवऱ्याचे हात गारठलेले असतात आणि क्लीनरशी त्याचं भांडण होऊन मिटलेलंही असतं. मग गोणी पायाशी ठेवून, दोन्ही गुडघे बाहेर फाकवून तो स्कूटर चालवत येतो. गॅलरीतून मला ते गुडघे दिसले की मी चहा टाकते.

गोणीत वांगी असतात. भरिताची वांगी. हिरवी, अंगावर पांढरे पट्टे असलेली, एकेक जवळजवळ किलोचं. इथे मंडईत जी जांभळी, चकचकीत वांगी भरिताची म्हणून विकतात, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण नवऱ्याने मला भाजीवाल्यांसमोर बोलायला बंदी घातली आहे. जांभळ्या वांग्यात बिया फार, चव कमी. आमच्या वांग्यात बी शोधावं लागतं. हे मी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना समजावून सांगितलं आहे, काहींना दोनदा.

वांगी चांगली असून भागत नाही. भरीत गॅसवर होत नाही. मोकळ्या जागेत तुरीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून ती जाळात टाकायची आणि उलटीपालटी करत राहायची. काडीचा जाळ भसकन् पेटतो, भसकन् विझतो, म्हणून एकाने नुसत्या काड्या सरकवत बसायचं. साल काळं ठिक्कर झालं की सोलून, देठाला धरून ती बडगीत घालायची आणि मिरची-लसणाबरोबर लाकडी मुसळाने ठेचायची. बडगी म्हणजे आमच्याकडचं खोलगट लाकडी भांडं. माझी बडगी माझ्या लग्नात आली. त्या वेळी सासरच्या मंडळींनी टीव्ही आला का ते पाहिलं होतं, मी बडगी आली का ते पाहिलं. टीव्ही केव्हाच भंगारात गेला.

लग्न होऊन मी आले ती चिखलीत. नवऱ्याला चाकणला एका छोट्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या खात्यात नोकरी होती. आजही तो तिथेच आहे, फक्त आता सुपरवायझर म्हणवतो. आम्ही चिखलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि 'वर्षभर बघू' म्हणता म्हणता चौदा वर्षं राहिलो. त्या खोल्यांची मालकीण म्हणजे आक्का. जुन्या गावातलं शेतकरी घर. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला आम्हा भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ आणि मागे आक्कांच्या वाटणीचं उरलेलं तुकडाभर रान. सगळे भाडेकरू त्यांना आक्काच म्हणत. त्यांचं खरं नाव मला लाइटच्या बिलावर वाचून कळलं.

पहिल्या हिवाळ्यात भावाची गोणी आली तेव्हा आक्का अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होत्या. मी गोणी उसवली. त्यांनी मान लांब करून आत पाहिलं आणि विचारलं की कुणाचं लग्न आहे का. मी म्हटलं, नाही, भरीत करायचंय, आम्ही दोघंच आहोत. त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या की बाहेर ये, दोन माणसं गोणीभर वांगी खाणार आहेत, बघून तरी घे. मी तेव्हा नवी नवरी होते, डोळ्यांत पाणी आलं. पण जेव्हा मी अंगणात काय जाळू म्हणून इकडेतिकडे बघायला लागले, तेव्हा त्या स्वतःच उठल्या आणि मागच्या भिंतीला रचलेल्या तुराट्यांची मोळी ओढत घेऊन आल्या. रानातली तूर झोडून झाली की त्या काड्या बंबासाठी ठेवत. अंघोळीचं पाणी तापवायचा तो तांब्याचा बंब आक्कांच्या दारात कायम धुमसत असे.

त्या दिवशी अख्खी ओळ जेवली. बीडचे, सोलापूरचे, सगळे भाडेकरू आपापली ताटं घेऊन आले. आक्कांनी तीन वेळा वाढून घेतलं आणि मग सांगितलं, बरं झालंय, पण यात दाण्याचं कूट पायजे होतं.

त्या कुटावरून आम्ही चौदा वर्षं भांडलो. भरितात अख्खे शेंगदाणे तळून घालतात, कूट घालत नाहीत. हे मी दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी माझी पाठ वळली की आक्का कनवटीला लपवल्यासारखी कुठून तरी कुटाची वाटी काढत. मला वास येई, मी वळून बघे, तर त्या जाळाकडे बघत बसलेल्या. त्यांचं म्हणणं, एका कोपऱ्यात घातलंय, तू त्या कोपऱ्यातलं खाऊ नको. आमचं ते एक ठरून गेलं होतं. वांगी माझ्या भावाची, तुराट्या आक्कांच्या आणि कुटाचा कोपरा वेगळा.

मग आम्ही फ्लॅट घेतला. पिंपळे सौदागरला, जुन्या पण मोठ्या सोसायटीत, सहाव्या मजल्यावर. निघायच्या दिवशी आक्कांनी माझी ओटी भरली, माझ्या मुलीच्या हातावर खाऊ ठेवला आणि टेम्पो हलेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. त्यानंतर महिन्याने आमची वास्तुशांत झाली. दीडशे माणसं जेवली. आक्का आल्या नाहीत.

त्यांची सून आली. छान साडी नेसून आली, स्टीलचा डबा आहेर दिला, पुरणपोळी दोनदा मागून घेतली आणि आक्का कुठे म्हणून विचारल्यावर म्हणाली, त्या म्हणाल्या, तूच जा. मला हे इतकं लागलं की मी पंगतीत वाढताना तीन पानांवर मीठच वाढायला विसरले. चौदा वर्षं जिच्या अंगणात काढली, जिथे माझी मुलगी चालायला शिकली, तिला माझ्या घरात पाऊल टाकावंसं वाटू नये. भाडेकरू होते तोवर गोड, स्वतःचं घर झालं की डोळ्यात खुपलं, असा मी अर्थ लावला. अर्थ लावण्यात मी हुशार आहे. मग मी ठरवलं की आपणही जायचं नाही, फोनही करायचा नाही. मी मानी आहे. नवरा त्याला खत्रूडपणा म्हणतो, पण तो हळू आवाजात म्हणतो.

नव्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात मी वांगी गॅसवर भाजली. एका वेळी एक, अशी चोवीस. सातव्या वांग्याला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की बी विंगमध्ये काही जळतंय का. नवव्याला वॉचमन आला. बाराव्याला खुद्द सेक्रेटरी आले, जॉगिंगचे बूट घालून. मी त्यांना टेबलाशी बसवून वाटीभर भरीत आणि कळण्याची भाकरी दिली. कळण्याची म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. ते खाऊन गेले आणि खाली जाऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं की काळजीचं कारण नाही. ते खूश झाले, आम्ही झालो नाही. त्या भरिताला धुराची चवच नव्हती. नवरा जेवता जेवता म्हणाला की आक्काकडे... आणि माझं तोंड बघून त्याने पुढचा घास घेतला.

यंदा दुसरा हिवाळा. गोणी आली, त्या आठवड्यात थंडीही चांगली पडली होती. सकाळी पवनेवर धुकं, नाक्यानाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली, फक्त डोळे दिसणारी माणसं आणि आमच्या सोसायटीत शाली गुंडाळून चालायला निघालेल्या बायका. नवऱ्याने रविवारी दुपारी कंपनीतली चार घरं जेवायला बोलावून ठेवली होती. मी विचारलं, भाजणार कुठे? त्यावर तो गूढ हसला. सुपरवायझर झाल्यापासून तो असा हसतो.

त्याची योजना अशी होती. त्यांच्या खात्यात लोखंडाचे पार्ट आधी लाल होईस्तोवर तापवतात, मग तेलात बुडवून विझवतात आणि मग दुसऱ्या, जरा बेताच्या भट्टीत पुन्हा शेकतात. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की ती दुसरी भट्टी रिकामी असते. तिथे वांगी लावायची. ना धूर, ना सेक्रेटरी. काटा फिरवला की हवं तेवढं तापमान, चारी बाजूंनी सारखा शेक. त्याने साहेबांना विचारलंही होतं. साहेबांनी एकच अट घातली, की एक डबा त्यांच्या टेबलावर आला पाहिजे. या कटात त्याचा कंपनीतला मित्र सामील होता. हा मित्र रत्नागिरीकडचा, संत तुकाराम नगरला राहतो, वीस वर्षांपासून दोघं एकाच बसने जातात. भरितात नारळाचं दूध घालणाऱ्या माणसाला मी सल्लागार म्हणून नेमलं नसतं, पण मला कुणी विचारलं नाही.

मी फक्त एवढं म्हटलं की सगळी वांगी नेऊ नका. त्यावर मित्राने मला मोठ्या समजूतदारपणे सांगितलं, "वहिनी, आपण आधी ट्रायल घेतो. पहिला लॉट पास झाला की मग बाकीचे." तेरा वांगी नेली, अकरा घरी ठेवली. कंपनीच्या पद्धतीचा माझ्या संसाराला झालेला हा पहिला आणि शेवटचा फायदा.

गेटवर वॉचमनने गोणी अडवली. आत येणाऱ्या मालाची नोंद झाल्याशिवाय काही सोडायचं नाही असा नियम आहे. त्याने वही काढली आणि कच्चा माल, तयार माल की दुरुस्तीसाठी, असं विचारलं. दोघांनी जरा विचार करून कच्चा माल म्हणून सांगितलं. तेव्हा कुणाला माहीत होतं की बाहेर पडतानाही तेच लिहावं लागेल.

पुढचं मी ऐकलेलं आहे आणि दोघांनी ते वेगवेगळं सांगितलं आहे. तेरा वांगी जाळीच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली. नवऱ्याने तापमान लावलं, वेळ लावली आणि दोघं चहा प्यायला गेले. टोचे मारायचे राहिले. चौदा वर्षं तो माझ्याशेजारी बसून काड्या सरकवत आला होता, पण मी हातात सुरी घेऊन काय करते ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. चहा अर्धा झाला तेव्हा आतून पहिला आवाज आला. मित्र म्हणतो, फटाका वाजला तसा. नवरा म्हणतो, तेवढा मोठा नव्हता. मग दुसरा, मग तिसरा. भट्टी उघडली तेव्हा पाच वांगी छताला होती. उरलेली आठ बाहेरून चामड्यासारखी कडक आणि आतून कच्ची. नवऱ्याने तरी धीर सोडला नाही. त्यांच्या खात्यात वरून कडक आणि आतून मऊ निघालेला पार्ट पहिल्या नंबरचा समजतात, असं त्याने मला नंतर सांगितलं.

दोघांनी त्यांना पुन्हा वेळ लावली आणि भाजून आणलीच. साडेपाच वाजता डबा माझ्यासमोर उघडला. मी ती सोलून बडगीत ठेचली आणि घास जिभेवर ठेवला मात्र, मला नवऱ्याचा शर्ट आठवला. तोच वास. ज्या तेलात पार्ट विझवतात त्या तेलाचा वास वर्षानुवर्षं त्या भट्टीच्या विटांत बसला होता, तो सगळा आठ वांग्यांनी शोषून घेतला होता. पंधरा वर्षं मी तो वास त्याच्या कपड्यांतून काढते आहे, आता तो ताटात आला. मी घास बाहेर काढून ठेवला. मित्राने मात्र सभ्यपणे गिळला आणि म्हणाला, "नारळाचं दूध घातलं तर सुधारेल का, वहिनी?" मग मला इतकं हसू आलं की खुर्ची धरून बसावं लागलं. नवरा आधी रुसला, मग तोही हसला. सगळं भरीत कचऱ्यात गेलं. साहेबांना सोमवारी काय सांगायचं, याचा विचार दोघं जिन्यात उभे राहून बराच वेळ करत होते.

हसून झाल्यावर उरलं ते असं. उद्या दुपारी चार घरं येणार. वांगी अकरा, त्यांचेही देठ सुकायला लागलेले. आणि भाजायला जागा नाही. गच्चीवर जाळ करायला सोसायटीची बंदी, गॅसवर मला करायचं नव्हतं. नवरा टेबलाशी बसून नखाने ऑइलक्लॉथ खरवडत म्हणाला, "आक्काकडे जाऊ."

मी म्हटलं, ती बाई माझ्या वास्तूला आली नाही. तो म्हणाला की मग आपण विचारू या ना, का आली नाहीस. मी म्हटलं, मी नाही विचारणार. तो म्हणाला, दोन हिवाळे झाले, तुझ्या भरिताला चव नाही आणि तुलाही चैन नाही. तू दर वेळी भरिताचा विषय निघाला की कुटाच्या कोपऱ्यावरून बोलतेस, मी मोजलंय. हे शेवटचं मला आवडलं नाही, कारण ते खरं होतं. मला आक्कांची आठवण येत होती. भयंकर येत होती. ती वांग्यांमुळे येते असं मी स्वतःला सांगत होते आणि वांगी तर वर्षातून एकदाच येतात, आठवण मात्र बारा महिने. त्यांनी दार लावून घेतलं तर काय करायचं, ही माझी खरी भीती होती. चौदा वर्षांचं नातं एका मिनिटात संपलेलं मला बघायचं नव्हतं. न गेल्याने ते निदान अर्धवट तरी राहत होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही रिक्षाने चिखलीला पोहोचलो. मी, नवरा, अकरा वांगी आणि बडगी. वाटेत सगळं तेच होतं, पत्र्याच्या शेडमधून लेथ चालू असल्याचा आवाज, रस्त्याच्या कडेला लोखंडाच्या कुरळ्या किसाचे ढीग, वडापावच्या गाडीभोवती रात्रपाळी सुटलेले लोक. पण आक्कांच्या घरामागचं रान दिसेना. तिथे निळे पत्रे उभे होते, मागे क्रेन आणि अकरा मजल्यांचं चित्र काढलेला बोर्ड. अंगणातला बंबही नव्हता. न्हाणीच्या भिंतीवर पांढराशुभ्र गीझर बसवला होता. मला वाटलं, आता इथे आपलं काय काम.

आक्का ओसरीत उन्हाला बसून लसूण सोलत होत्या. त्यांचे मालक शेजारी खाटेवर पेपर वाचत होते, त्यांना ऐकू कमी येतं. आक्कांनी वर पाहिलं. आधी मला पाहिलं, मग गोणी, मग बडगी. आणि परत लसूण सोलायला लागल्या.

"या," एवढंच म्हणाल्या.

मी उभीच राहिले. रिक्षात मी चांगली चार वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही आलं नाही. जे आलं ते भांडणाचं आलं.

"आक्का, तुम्ही माझ्या वास्तूला का आला नाहीत?"

"मला बोलावलं कुनी?"

मी म्हटलं की असं काय करता, पत्रिका पाठवली होती, सगळ्यांना पाठवली तशी, तुमच्या सुनेच्या फोनवर. गणपतीचं चित्र होतं, खाली सगळ्यांची नावं, नकाशासुद्धा होता.

आक्कांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "फोन सुनंचा. बोलावनं सुनंला. ती आली न्हाई व्हय? डबा दिला, जेवून आली. आमच्या घरातनं एक मानूस बोलावलं, एक मानूस आलं."

मी बडगी खाली ठेवली आणि पायरीवर बसले.

"चौदा वरसं हितं ऱ्हायलीस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अगं, मी पितळी ताटात कुकू-अक्षदा काढून ठिवल्या हुत्या. म्हनलं, पोरगी उंबऱ्याला येईल, मला आवतान दील, तवा तिलाबी लावायला पायजे. आठ दिस ते ताट तसंच देव्हाऱ्याम्होरं हुतं. तू आली न्हाईस. नकाशा आला."

मला स्वतःची अतोनात लाज वाटली. दीडशे लोकांना मी अंगठ्याने एका झटक्यात बोलावलं होतं आणि त्याचं मला कौतुक वाटलं होतं. माझ्या सख्ख्या आत्याला मी असं बोलावलं असतं का? यावलला जाऊन, पायावर डोकं ठेवून, अक्षता देऊन आले होते. आक्का तर अर्ध्या तासावर होत्या. जवळ होत्या म्हणूनच गेले नाही. आणि वर दोन वर्षं मीच रुसून बसले होते.

मी सरळ चपला काढून आत गेले. त्या घरात कुठे काय असतं ते मला अजून पाठ होतं. देव्हाऱ्याजवळचा करंडा घेतला, डब्यातून चिमूटभर तांदूळ घेऊन कुंकवात कालवले आणि बाहेर येऊन आक्कांसमोर बसले. त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, लसणाच्या वासाच्या त्या हातात अक्षता ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला. म्हटलं, "आक्का, भोगीला माझ्या घरी जेवायला या. तुम्ही आल्याशिवाय माझी वास्तू झाली असं मी धरत नाही."

त्या अक्षतांकडे बघत राहिल्या. "कुकू माजं, तांदूळ माजे," म्हणाल्या, "आन् आवतान हिचं." मग पदराने नाक पुसलं. "येते. लिफ्टात न्हाई बसनार पर."

मालकांनी पेपर खाली घेऊन विचारलं की काय झालं. आक्का मोठ्यांदा ओरडल्या, "वास्तू हाय! भोगीला!" त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पेपर वर घेतला.

नवऱ्याने तेवढ्यात चार घरांना फोन करून जागा बदलल्याचं सांगितलं, मित्राला येताना पाव किलो लसूण आणायला सांगितलं आणि मग अंगणाच्या मध्यभागी उभा राहून इकडेतिकडे बघू लागला. मला कळलं तो काय शोधतोय. मलाही तीच चिंता पडली होती. मी हळूच म्हटलं की आक्का, जळण काय, बाहेरून लाकडं आणू का.

"लाकडं कशाला? मागं भिताडाला तुराट्या हायत, घिऊन या."

नवरा मागे गेला. बराच वेळ आला नाही. आला तो खांद्यावर एक मोळी आणि बगलेत एक मोळी घेऊन. दोन्ही नीट बांधलेल्या, वरून खताच्या रिकाम्या पोत्याने झाकून ठेवलेल्या, म्हणजे पावसात भिजू नयेत. तो म्हणाला, "आक्का, दोन आहेत."

"दोनच असनार. एक औंदाची, एक गेल्या सालची. गेल्या सालची आदी जाळा, ती जास्त वाळलीया."

मी पत्र्यांकडे पाहिलं, मग न्हाणीवरच्या गीझरकडे. म्हटलं, "पण आक्का, रान तर गेलं. या आल्या कुठून?"

आक्कांनी सोललेल्या लसणाची ताटली माझ्याकडे सरकवली. "चाकणच्या पल्याड माजं म्हायेर हाय, तितनं. दर साली सांगून आनती. तुलाच भाऊ हाय व्हय?"

मी सुरी घेऊन एकेका वांग्याला टोचे मारू लागले आणि नवरा या वेळी शेजारी बसून ते नीट बघत होता. आक्का उठून आत गेल्या. स्वयंपाकघरातून शेंगदाणे कुटायचा आवाज यायला लागला, चांगला दणदणीत, लपवायची आता गरज नसल्यासारखा. मी वळून पाहिलं नाही. आम्ही आधी गेल्या सालची मोळी सोडली.